आधी उलटं ठाण्याला: धावपळीत देवाचं ऐकायला बसायचं कसं

मुलुंडहून सकाळी सीएसएमटीला बसून जायचं असेल तर एकच उपाय आहे. आधी उलट्या दिशेची गाडी पकडून ठाण्याला जायचं आणि तिथून सुटणाऱ्या स्लो लोकलमध्ये जागा धरायची. पास ठाण्यापासूनचा काढावा लागतो, घरातून पंधरा-वीस मिनिटं आधी निघावं लागतं. नव्या माणसाला हा शुद्ध वेडेपणा वाटतो: जायचंय फोर्टला आणि बाई निघाली ठाण्याला! मी बारा वर्षं हेच करते आहे.

देवाचं ऐकायला वेळ कसा काढायचा, असं आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कुणी विचारलं की मला ही उलटी गाडी आठवते. कामाच्या दिशेने निघालेल्या माणसाला ‘आधी जरा मागे ये’ म्हटलं की त्याला वेळ फुकट गेल्यासारखं वाटतं. म्हणून आपण सगळे मुलुंडलाच, दाराला लटकून, चढतो.

हा लेख रिकाम्या माणसांसाठी नाही. ज्यांच्याकडे नोकरी आहे, घर आहे आणि वर महिला मंडळ, संडे स्कूल, नाताळात घरोघरी गाणी म्हणत फिरायचा कॅरल राउंड, चर्चचा कारभार पाहणारी पास्टोरेट कमिटी यांतलं निदान एक लचांड आहे, त्यांच्यासाठी आहे. आपल्यासारख्यांना फसवणारी धावपळ ऑफिसची नसते, चर्चची असते. ऑफिसच्या कामात बुडालं तर निदान टोचणी लागते. प्रभूच्या कामात बुडालं की वाटतं, आपण प्रभूजवळच आहोत.

मी फसले ती हंगामाच्या सणाच्या, म्हणजे चर्चच्या हार्वेस्ट फेस्टिव्हलच्या, आदल्या दिवशी. चर्चच्या मागच्या खोलीत मी ताटल्या मोजत होते. लिलावाला आलेले भोपळे, नारळ, केक आणि कुणीतरी आणलेला एक जिवंत कोंबडा यांची यादी करायची होती, आणि कोंबडा सारखा दोरी सोडवत होता. आमच्या मंडळीतल्या एक वयस्कर मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या. मूळच्या नगरच्या. म्हणाल्या, “ताई, दोन मिनटं हायेत का?” मी मान वर न करता म्हटलं, “उद्या बोलू ना मावशी, निवांत.” त्या “बरं बरं” म्हणून गेल्या. दुसऱ्या दिवशी त्या आल्याच नाहीत, आणि गर्दीत माझ्या ते लक्षातही आलं नाही. नंतर कळलं की सोमवारी त्यांची गाठीची तपासणी होती आणि सोबत कुणी येईल का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. त्या एकट्या जाऊन आल्या. रिपोर्ट चांगला आला, पण म्हणून माझं वागणं चांगलं ठरत नाही.

त्या वर्षी लिलावाची रक्कम मात्र विक्रमी झाली होती.

मार्थेवर अन्याय करू नका

या विषयावर बोलताना पहिला बळी मार्थेचा जातो. येशू घरी आला तेव्हा बहीण मरीया त्याच्या पायाशी ऐकत बसली, आणि एकटी मार्था पाहुणचारात गुंतून तक्रार करत राहिली, ती मार्था. लूक १०:३८-४२ वाचायचं आणि स्वयंपाकघरातल्या बाईला दोन शब्द सुनवायचे, हे मी इतक्या प्रवचनांत ऐकलंय की आता मला मार्थेचीच बाजू घ्यावीशी वाटते. ती कथा जरा मागून-पुढून वाचा. तिच्या अगदी आधी चांगल्या शोमरोन्याचा दाखला आहे आणि त्याचा शेवट होतो ‘जा आणि तूही तसंच कर’ असा. म्हणजे लूक काही काम सोडून बसायला सांगत नाही. मार्थेबद्दल जे ग्रीक क्रियापद वापरलंय त्याचा अर्थ चहूकडून ओढलं जाणं असा आहे. प्रभू तिला ‘स्वयंपाक करू नकोस’ म्हणत नाही. तू काळजी आणि दगदग करतेस, म्हणतो. ‘दगदग’ हा आपल्या मराठी शास्त्रातला, म्हणजे बायबलातला, शब्द मला फार अचूक वाटतो. काम आणि दगदग यांतला फरक मुंबईच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

योहानाच्या १२व्या अध्यायात, वल्हांडण सणाच्या सहा दिवस आधी, हीच मार्था आपल्या गावी, बेथानीत, पुन्हा वाढताना दिसते. या वेळी तिला कुणी काही बोलत नाही. मधल्या काळात, ११व्या अध्यायात, भावाच्या मरणानंतर ‘तू ख्रिस्त आहेस’ ही कबुली तिने दिलेली आहे. वाढणं तेच, पण आता आधी ऐकणं झालंय. मला सगळा मुद्दा या क्रमात दिसतो. कामं कमी करायची की नाही ते पुढे आपोआप कळतं. आधी क्रम बदलायचा.

आपल्या भाषेने तर हे सोपंच करून ठेवलंय. ‘पोरगं ऐकत नाही’ असं आपण म्हणतो तेव्हा त्याचे कान बिघडलेले नसतात. मराठीत ऐकणं म्हणजे कानावर घेणं आणि त्याप्रमाणे वागणं, दोन्ही. आणि ऐकूनही न ऐकल्यासारखं करायला ‘कानाडोळा’ हा शब्दही तयार आहे.

पहिली पायरी: झोप

प्रार्थनेच्या मार्गदर्शनात झोप कुठून आली, असं वाटेल. १ राजे १९ उघडा. एलीया संदेष्टा थकून, मरण मागून झुडपाखाली पडलाय. देवदूत त्याला उठवतो आणि भाकर-पाणी देतो. तो खातो आणि परत झोपतो. पुन्हा उठवलं जातं, पुन्हा खाणं. त्यानंतर होरेब डोंगराचा प्रवास, आणि तिथे वारा, भूकंप, अग्नी यांच्यानंतर ती मंद वाणी. म्हणजे वाणीच्या आधी दोन जेवणं आणि दोन झोपा आहेत.

रात्री साडेबारापर्यंत ग्रुपवर ‘आमेन’ टाकत बसणाऱ्याने पहाटे पाचचा गजर लावून देवाकडून काही ऐकू येईल अशी अपेक्षा करू नये. पहाटेचा वेळ आदल्या रात्री ठरतो. आठवडाभर फक्त एवढंच करा: रोजच्यापेक्षा अर्धा तास आधी आडवे व्हा आणि फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला ठेवा. दुसरी खोली नसेल तर ओट्यावर, मिक्सरशेजारी. उशाशी फक्त नको.

दुसरी पायरी: जागा ठरवा, शांततेची वाट पाहू नका

आमच्या बिल्डिंगला पाणी साडेपाचला येतं. एकदा नळ सुरू झाला की बादल्या, पिंप, वॉशिंग मशीन, आणि मग दिवस माझा राहत नाही. म्हणून माझी वेळ पाणी यायच्या आधीची, सव्वापाचची. पंधरा मिनिटं. वर्षानुवर्षं मी ‘सकाळी एक तास’ असा संकल्प करून तो चौथ्या दिवशी मोडत आले. पंधरा मिनिटं टिकली, कारण त्यांना नळाची सीमा आहे.

तुमच्या घरात अशी सीमा कोणती, ते शोधा. दूधवाला, मुलांची स्कूल बस, सासऱ्यांचा चहा. तिच्या आधीचा तुकडा धरा, नंतरचा नको. नंतरचा तुकडा मुंबईत उरत नाही.

पूर्ण शांतता मिळाली की बसू, असं म्हणाल तर मरेपर्यंत बसणार नाही. शेजारी कुकरच्या शिट्ट्या होणार, खाली रिक्षा घरघरणार. आवाज आला की त्याच्याशी भांडू नका, त्याला नाव द्या: ‘कुकर’. आणि वचनाकडे परत या. दहा वेळा परत यावं लागलं तर दहा वेळा या. मन भरकटलं म्हणून बैठक वाया गेली असं मला पूर्वी वाटायचं. आता वाटतं, ते परत येणं हाच बराचसा अभ्यास आहे.

बसल्यावर लगेच मागण्या सुरू करू नका. आपली प्रार्थना बहुधा यादी असते: अमक्याची नोकरी, तमक्याचं लग्न, चर्चच्या छपराची गळती. यादी वाईट नाही, पण ती दुसऱ्यांदा. नवविधा भक्तीतही श्रवण पहिलं येतं आणि कीर्तन त्यानंतर. कवी नारायण वामन टिळक १८९५ साली याच मुंबईत बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाले, आणि अभंग-भजनाची गोडी त्यांनी आपल्या उपासनेत आणली. ती गोडी आपण जपली, पण दोन भजनांच्या मधली जागाही पेटीने भरून टाकायची सवय लावून घेतली. आमच्याकडे उपासनेत दहा सेकंद शांतता झाली तर लोकांना वाटतं, माईक बंद पडला.

तिसरी पायरी: ठाणे ते सीएसएमटी

बाराव्या शतकात ग्विगो नावाच्या एका कार्थुसियन मठाधिपतीने शास्त्रवाचनाची चार पायऱ्यांची शिडी सांगितली: वाचन, मनन, प्रार्थना, आणि मग नुसतं देवासमोर असणं. तो फ्रान्सच्या डोंगरातल्या निःशब्द मठात राहायचा. मी ती शिडी सेंट्रलच्या स्लो लोकलला लावली आणि ती चपखल बसली.

ठाणे ते भांडुप वाचन. दहा-बारा ओळींपेक्षा जास्त नाही. एकदा सरळ वाचायचं, मग पुन्हा, ओठ हलवत, सावकाश. कागदाचं छोटं शुभवर्तमान घ्या. फोनवर वाचायला लागलं की वरून नोटिफिकेशन उतरतं आणि आपण पेत्राला सोडून विजेचं बिल भरायला जातो.

भांडुप ते घाटकोपर मनन. पुस्तक मिटायचं आणि जो एखादा शब्द अडकला असेल तो चघळत राहायचा. अर्थ लावायचा नाही, प्रवचन रचायचं नाही. हे आम्हा कमिटीवाल्यांना सगळ्यात अवघड जातं, कारण वचन दिसलं की आम्हाला ते कुणाला तरी सांगायचं असतं.

घाटकोपरला झुंबड चढते. चौथ्या सीटवर कुणीतरी टेकतं, क्लिपा आणि कानातली विकणारी बाई तुमच्या डोक्यावरून माल फिरवते. इथून दादरपर्यंत प्रार्थना, आणि ती समोर दिसणाऱ्यांसाठी. उभ्याने डुलक्या घेणारी मुलगी, फोनवर हळू आवाजात कुणाची तरी समजूत काढणारी बाई. नाव माहीत नसलं तरी चालतं.

दादरला डबा अर्धा रिकामा होतो, वारा येतो. परळ, करी रोड, चिंचपोकळी, भायखळा. इथे काही करायचं नाही. मागायचं नाही, वाचायचं नाही. बसायचं.

एकदा मार्क १०:४६-५२ काढलं होतं, आंधळ्या बार्तीमयाची गोष्ट. शंभरदा ऐकलेली. लोक त्याला गप्प राहा म्हणून दटावताहेत, आणि मग ‘येशू थांबून म्हणाला’. त्या दिवशी मला ‘थांबून’ हा शब्द लागला. बाकी चमत्कार वगैरे सगळं बाजूला राहिलं. विक्रोळीपर्यंत थांबून, घाटकोपरपर्यंत थांबून. माझ्या मोठ्या जावेचे तीन फोन मी महिनाभर उचललेले नव्हते. कारण होतं, पण मोठं नव्हतं. सीएसएमटीला उतरले, प्लॅटफॉर्मवरच्या खांबाला टेकले आणि तिला फोन लावला. पंचिंगला उशीर झाला. देव बोलतो म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मी असलीच काहीतरी साधी गोष्ट सांगते, आणि विचारणाऱ्याचा चेहरा बऱ्याचदा पडतो.

बसायला मिळत नसेल तर? उभ्याने एक ओळ पाठ करा. ‘बोल, तुझा दास ऐकत आहे’ एवढीही पुरते. फोर्टात नोकरी असेल तर हॉर्निमन सर्कलजवळचं सेंट थॉमस कॅथेड्रल आहे. १७१८ साली उपासनेला खुलं झालेलं. तिकडे जाणाऱ्या किल्ल्याच्या दरवाजावरून चर्चगेट हे नाव पडलं. उघडं असण्याची वेळ विचारून घ्या आणि डबा खाऊन झाल्यावर वीस मिनिटं मागच्या बाकावर जाऊन बसा. भिंतीवरचे संगमरवरी स्मृतिलेख वाचत बसण्याचा मोह होतो. पहिल्या दिवशी वाचून टाका.

चौथी पायरी: ऐकलेलं तपासा

इथे मी जरा कडक बोलणार आहे. ‘प्रभूने मला दाखवलं’ हे वाक्य आपल्या मंडळ्यांत फार स्वस्त झालंय. या वाक्याच्या जोरावर लग्नं ठरतात, पैसे मागितले जातात, समोरच्याचं तोंड बंद केलं जातं. १ थेस्सलनीका ५:२१ सांगतं, सगळ्याची पारख करा, चांगलं ते धरा. १ योहान ४:१ही तेच सांगतं.

माझे तीन प्रश्न असतात. जे ऐकलं असं वाटतं ते सुवार्तेतल्या येशूच्या स्वभावाशी जुळतं का? त्यात माझी सोय जास्त आहे की मला काही सोडावं लागतंय? आणि ते मी माझ्याबद्दल ऐकलं की दुसऱ्याने काय करावं याबद्दल? तिसऱ्याचं उत्तर ‘दुसऱ्याबद्दल’ असेल तर मी गप्प बसते.

शिवाय एकट्याने ठरवू नका. १ शमुवेल ३मध्ये, मंदिरात झोपलेला लहान शमुवेल रात्री हाक ऐकून तीन वेळा उठून एली पुरोहिताकडे धावला. हाक देवाची आहे हे त्याला कळलंच नव्हतं, कळलं ते म्हाताऱ्या एलीला. तो एली काही आदर्श पुरोहित नव्हता, त्याचं घर बिघडलेलं होतं, पण त्याला हाक ओळखता आली. तुमचा एली शोधा. पाळक असेल, आत्या असेल, संडे स्कूलची जुनी बाई असेल. पैसा आणि लग्न या दोन बाबतींत तर अशा माणसाशी बोलल्याशिवाय आणि निदान आठवडा जाऊ दिल्याशिवाय पाऊल टाकू नका.

आणि काहीच ऐकू आलं नाही तर? बहुतेक दिवशी येत नाही. शमुवेलाच्या त्याच अध्यायाची सुरुवात, त्या काळी परमेश्वराचं वचन दुर्मीळ झालं होतं, अशी आहे. तरी पोरगं मंदिरात झोपायचं सोडत नव्हतं. स्तोत्र १३१ काढा. तीनच ओव्या, म्हणजे वचनं, आहेत. दूध तुटलेलं मूल आईजवळ असतं तसं. त्याला आता आईकडून काही हवं असतं असं नाही, पण ते तिला सोडत नाही.

पाचवी पायरी: ‘नाही’ म्हणा

मार्क १:३२-३८ मला सगळ्यात उपयोगी पडलं. आदल्या संध्याकाळी सगळं गाव दाराशी गोळा झालेलं. पुष्कळ लोक बरे झाले. पहाटे अंधार असतानाच येशू उठून एकांतात प्रार्थनेला जातो. शिष्य शिमोन शोधत येतो: सगळे तुला शोधताहेत! आता आमच्यापैकी कुणालाही हे वाक्य ऐकवलं तर आम्ही चप्पल घालून निघालोच. सगळे शोधताहेत, म्हणजे आपल्यावाचून अडलंय. येशू म्हणतो, चला, दुसऱ्या गावांना जाऊ. त्या गावात, कफर्णहूमात, आजारी उरले नव्हते असं थोडंच आहे? पण आपण कशासाठी आलो हे त्याने पहाटेच ऐकलेलं होतं.

म्हणून करा एवढंच. वहीत मंडळीतल्या तुमच्या सगळ्या जबाबदाऱ्या लिहा. प्रत्येकीपुढे लिहा, ही मी कशी घेतली: ऐकून, की कुणी उभं राहिलं नाही म्हणून? माझ्या यादीत नऊ होत्या. ऐकून घेतलेल्या दोन. बाकीच्यांतल्या तीन मी वर्षअखेर सोडल्या, तीन महिन्यांची नोटीस देऊन, हिशेब लिहून. अर्ध्यात टाकून पळणं म्हणजे ऐकणं नव्हे, तो दुसऱ्याच्या गळ्यात घातलेला धोंडा. सांगताना कारणांची माळ लावू नका. ‘या वर्षी मला जमणार नाही’ हे पूर्ण वाक्य आहे. एक बाई तीन आठवडे माझ्याशी बोलल्या नाहीत. चौथ्या आठवड्यात त्यांनीच कॅरल राउंडच्या गाडीभाड्याचं विचारलं.

सोडलेल्या कामांपैकी एक कुणीच घेतलं नाही. ते बंद पडलं. त्याची आठवण आजवर कुणी काढलेली नाही.

आणि रविवार. रेल्वेसारखी रेल्वेसुद्धा रविवारी मेगाब्लॉक घेते. रूळ, सिग्नल, वरची वायर तपासते, आणि लोक कितीही शिव्या देवोत, घेतेच. तुमचा ब्लॉक कोणता? माझा उपासनेनंतर दुपारी दोन ते पाच. मीटिंग नाही, फोन नाही. कुटुंबाला सांगून ठेवलंय. सुरुवातीला मी त्या वेळात कपाटं आवरायची.

सहावी पायरी: माणसाचं ऐका

मार्क ५मध्ये येशू याईराच्या मरायला टेकलेल्या मुलीकडे निघालाय. यापेक्षा मोठी घाई कोणती? वाटेत बारा वर्षं आजारी असलेली बाई मागून वस्त्राला शिवते, आणि तो थांबून तिचं सगळं ऐकून घेतो. शिष्य वैतागतात. मी शिष्यांच्या जागी असते तर मीही वैतागले असते.

आता माझा नियम असा: कुणी ‘दोन मिनटं’ म्हटलं की हातातलं खाली ठेवायचं आणि बसायचं. उभ्याने ऐकलं की समोरचं माणूस मूळ गोष्ट सांगतच नाही, आवंढा गिळून तब्येत-पाणी विचारून जातं. बसलं की तिसऱ्या-चौथ्या वाक्याला खरं बाहेर येतं. मध्ये वचन सांगायचं नाही. ‘प्रार्थना करू’ हे वाक्य निसटून जायला फार सोयीचं आहे, म्हणून ते शेवटी, आणि म्हटलं तर तिथेच करायची. खरोखर वेळ नसेल तर ‘नंतर बोलू’ म्हणू नका. वार आणि वेळ सांगा, आणि फोन तुम्ही करा.

कमिटीत

एकट्याने ऐकून भागत नाही, कारण कामं ठरतात ती मीटिंगमध्ये. आमच्या महिला मंडळात आता अजेंड्याआधी एक उतारा दोनदा वाचतात आणि पाच मिनिटं कुणी बोलत नाही. पहिल्या महिन्यात भयंकर झालं. एकजण खोकली, एकीची बांगडी वाजली, खजिनदारबाई पावत्या चाळत होत्या, आणि मिनिटभरातच कुणीतरी ‘प्रभू आम्ही तुझे आभार मानतो’ सुरू केलं, कारण गप्प राहणं तिला सहन होईना. तिसऱ्या महिन्यापासून घडी बसली. वेळ राखायला एकीला नेमा, नाहीतर सगळ्या घड्याळाकडे बघत बसतात. नंतर कुणाला काही सांगायचं असेल तर एकेक वाक्य, त्यावर चर्चा नाही. आमची मीटिंग पूर्वीपेक्षा आधी संपते, याचं मला अजून नवल वाटतं.

मावशी त्या पाच मिनिटांत बहुतेक वेळा झोपतात. आम्ही उठवत नाही.

सुरुवात उद्याच करायची असेल तर आज रात्री फोन ओट्यावर ठेवा, मार्क १:३५-३८ ला खूण घाला आणि पाणी यायच्या पंधरा मिनिटं आधीचा गजर लावा. घड्याळाचा गजर, फोनचा नाही. उठून तोंड धुवा, चार ओव्या दोनदा वाचा, पुस्तक मिटा. काही सुचलं तर सुचू द्या, नाही तर नाही. नळाचा आवाज आला की उठा. बादल्या भरायच्या आहेत.